स्थिरांकांना दोन्ही टायर चालत होते

माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा गेल्यानंतर दोन हिवाळे मी सरांशी नेहमीसारखीच बोलत राहिले. तिसऱ्या हिवाळ्यात मी त्यांचा सूड घेतला. भर सभेत, माइकवर घेतला. त्या दिवशी प्रश्नोत्तरांची सूत्रं माझ्याकडे होती आणि ती सरांनीच आनंदाने दिलेली होती. जे झालं ते क्रमाने लिहिते.

सर म्हणजे वसईकडच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालेले गृहस्थ. मुलाकडे एटोबिकोला राहायला आले होते. टोरांटोच्या या पश्चिम भागात आमच्याकडची बरीच मराठी कॅथलिक कुटुंबं आहेत आणि त्यांच्यात सरांचा शब्द चालायचा. लग्नाची तारीख, मयताला म्हणायची गीतं, मराठी मिस्सा म्हणजे चर्चमधली उपासना कुठल्या रविवारी, हे सगळं त्यांना विचारून ठरायचं. मिस्सानंतर चर्चच्या बेसमेंटमध्ये चहा व्हायचा आणि चहानंतर सर विज्ञानावर बोलायचे. बोलायचे चांगलं. माझ्या मेहुण्याला त्यांनी बारावीला शिकवलं होतं. मेहुणा तासाभरावरच्या किचनरला एका सॉफ्टवेअर कंपनीत होता, हाताखाली माणसं होती, तरी सरांचा फोन आला की तो खुर्चीतून उठून बोलायचा.

मेहुणा गेला त्या नोव्हेंबरात सरांच्या नातीचं लग्न होतं. आगमनकाळ लागला की नाताळपर्यंत आमच्यात लग्नं लावत नाहीत, म्हणून त्याआधीचे शनिवार लवकर भरतात. लग्नाआधी उंबराचं पाणी आणायचं असतं. गावी आदल्या संध्याकाळी बायका वाजतगाजत विहिरीवर जातात, घडा भरून आणतात, घड्यावर एकजण छत्री धरतो आणि त्या पाण्याने नवरीला आंघोळ घालतात. एटोबिकोला विहीर नाही. अंगणातला नळ थंडी पडायच्या आधीच बंद केलेला असतो. त्यामुळे शेजाऱ्यांच्या बेसमेंटमध्ये, कपडे धुण्याच्या मशीनपाशी जो नळ आहे तिथे घडा भरायचा आणि मागच्या दाराने मिरवत आणायचा असं ठरलं. शुक्रवारी संध्याकाळी लोक कामावरून वेळेत सुटत नाहीत, म्हणून सरांनी हे पाणी लग्नाच्याच दिवशी, शनिवारी सकाळी दहाला ठेवलं. लग्न दुपारी दोनला होतं. छत्री धरायचा मान त्यांनी माझ्या मेहुण्याला दिला.

त्या आठवड्यात मी किचनरला बहिणीकडे होते. सरांचा फोन आला तेव्हा ती मासे तळत होती. मेहुणा कांदा चिरत होता, म्हणून फोन स्पीकरवर होता.

"सर, शनिवारी सकाळी टायर बदलायची अपॉइंटमेंट आहे, नऊची," मेहुणा म्हणाला. फोन स्पीकरवर असूनही तो सुरी ठेवून उभा राहिला होता. "लग्नाला आम्ही दोनच्या आधी पोचतो."

"लग्नाला सगळं गाव पोचेल रे. मी पाण्याचं विचारतोय."

"बर्फ सांगितलंय सर, पुढच्या आठवड्यात. विंटर टायर अजून गॅरेजच्या कोपऱ्यात पडलेत."

"पुढच्या आठवड्यात ना? मग टायर सोमवारी, पाणी शनिवारी. उलटं करू का? नवरीने सोमवारी आंघोळ करायची?"

मेहुणा हसला. "नाही सर."

"शाब्बास. आणि छत्री नीट बघून आण. मागच्या लग्नात काड्या बाहेर आल्या होत्या."

मेहुणा छत्री शोधायला बेसमेंटमध्ये गेला. तेवढ्यात बहिणीने हात धुतले, टायरवाल्याला फोन केला आणि अपॉइंटमेंट सोमवारवर नेली. फोन तिने केला. पुढची दोन वर्षं या एका गोष्टीभोवती फिरली.

शनिवारी पाणी आलं, लग्न झालं. ते दोघं रात्री माझ्याकडे एटोबिकोला राहिले. रविवारी जेवण झाल्यावर मेहुणा एकटाच निघाला, कारण सोमवारी त्याला काम होतं. बहीण आणखी एक दिवस राहणार होती. पुढच्या आठवड्यात सांगितलेलं बर्फ रविवारी दुपारीच आलं. हायवेवरून खाली उतरणाऱ्या रस्त्याला जिथे वळण आहे, तिथे गाडी वळली नाही. पोलिसांनी कोणाला दोष दिला नाही. बर्फावर पकड धरणारे हे विंटर टायर ओंटारिओत सक्तीचे नाहीत. नदीपलीकडे, क्वेबेकमध्ये आहेत.

मेहुण्याला जाऊन महिना झाला, त्या महिन्याच्या मिस्सानंतर चर्चच्या बेसमेंटमध्ये जेवण होतं. सर बहिणीसमोर खुर्ची ओढून बसले. आजूबाजूला आठदहा माणसं होती, मी होते. सर म्हणाले, "बाय, मी विज्ञानाचा माणूस आहे, खोटं सांत्वन करणार नाही. रबर आणि बर्फ यांच्यात घर्षण किती, ते विश्वाच्या आरंभीच ठरलेलं आहे. तो स्थिरांक आहे. तो कुणासाठी बदलत नाही. आपल्या हातात एकच गोष्ट होती, टायर वेळेवर बदलणं. ते राहिलं. आता देवाची इच्छा म्हणून स्वीकार."

आपल्या फोनबद्दल ते काही बोलले नाहीत. ते विसरले असतील, अशी शक्यता आहे. मी ती तेव्हाही विचारात घेतली होती. त्याने मला फरक पडला नाही.

घरी येताना गाडीत बहीण म्हणाली, "ताई, अपॉइंटमेंट मी हलवली."

"सरांनी हलवायला लावली."

"ते बदलू नका असं म्हणाले नव्हते. सर म्हणतात ते खरंय. आकडा ठरलेलाच होता. बदलण्यासारखी एकच गोष्ट होती आणि ती माझ्या हातात होती."

हे ती पुढे वारंवार म्हणाली. पापनिवेदनात तिने ते पाद्रींना सांगितलं. त्यांनी यात पाप नाही म्हणून परत पाठवलं. पुढच्या महिन्यात तिने पुन्हा तेच सांगितलं. शेवटी त्यांनी तिला डॉक्टरकडे जायला सांगितलं. डॉक्टरने गोळ्या दिल्या. तिने नोकरी सोडली नाही, घर सोडलं नाही, फक्त कोणत्याही संभाषणात ती दोनचार वाक्यांत त्या फोनपाशी येऊन थांबायची. मी समजावलं, नवऱ्याकडच्यांनी समजावलं. विज्ञान सरांचं होतं आणि आम्ही सर नव्हतो. ते खोडायचं तर सरांच्याच तोंडून खोडायला हवं होतं. इथे माझी नुसती चीड संपली आणि काम सुरू झालं.

मुंबईत मी एका दैनिकाच्या डेस्कवर बरीच वर्षं काढली होती. इथे आमच्या मंडळाचं त्रैमासिक काढायचे. डेस्कवर एक गोष्ट शिकवतात: ज्याला जाब विचारायचा त्याला त्याच्याच वाक्यांनी विचारा, आणि ती वाक्यं आधी त्याला वाचून दाखवून पक्की करून घ्या. मी सरांना म्हटलं, त्रैमासिकासाठी तुमची मुलाखत घ्यायची आहे, निसर्गाचे मूलभूत स्थिरांक या विषयावर. सर खूश झाले. सूनबाईंनी केक ठेवला. मी तो खाल्ला.

मुलाखतीसाठी मी लायब्ररीतून पुस्तकं आणून वाचली. सर समजावून सांगायचेही छान. प्रकाशाचा वेग, इलेक्ट्रॉनवरचा विद्युतभार, गुरुत्वाकर्षणाची ताकद, असे काही आकडे आहेत. सिद्धांत ते देत नाही. ते मोजावे लागतात आणि सिद्धांतात भरावे लागतात. त्यांतले काही जरा वेगळे असते तर तारे पेटले नसते, आपण नसतो.

"पण ते तेवढेच का?" मी विचारलं. "वेगळे असू शकले असते का?"

"यावर तीन पक्ष आहेत," सर म्हणाले. "एक म्हणतो, त्यांना दुसरं काही असताच येत नाही. वर्तुळाचा परीघ आणि व्यास यांचं गुणोत्तर जसं कुणी निवडलेलं नाही, तसं. एक दिवस पूर्ण सिद्धांत सापडेल आणि हे आकडे आपोआप बाहेर पडतील. दुसरा म्हणतो, फासे पडले तसे पडले. कदाचित असंख्य विश्वं असतील, प्रत्येकात वेगळे आकडे. आणि तिसरा म्हणतो, कुणीतरी निवडले. मी तिसऱ्यातला."

"यातलं सिद्ध काय झालंय?"

"काहीच नाही."

"हे असंच छापू?"

"छापा की, संपादकबाई. खरं ते खरं."

मी सगळं वाचून दाखवलं. त्यांनी एक विशेषण काढायला सांगितलं, बाकी मान्य केलं. त्या दिवशी मला कळलं की हा माणूस सरळ प्रश्नाला सरळ उत्तर देतो. हा त्यांचा चांगुलपणा होता. माझं काम त्यावरच अवलंबून होतं.

त्या तिसऱ्या हिवाळ्याच्या सुरुवातीला, नोव्हेंबरात, किलोग्रॅमची व्याख्या बदलण्याचा आंतरराष्ट्रीय ठराव झाला. पॅरिसजवळ तिजोरीत ठेवलेल्या धातूच्या ठोकळ्याऐवजी निसर्गातल्या एका स्थिरांकाचा आकडा कायमचा ठरवून त्यावरून किलोग्रॅम ठरणार होता. बातमी सगळ्यांनी वाचली होती. मी सरांना म्हटलं, यावर बोला, प्रश्नोत्तरं मी घेते. बहिणीला मी किचनरहून घेऊन आले. कशासाठी ते सांगितलं नाही. फक्त सर स्थिरांकांवर बोलणार आहेत म्हटलं. ती तिसऱ्या रांगेत कोट अंगावर ठेवून बसली.

सर रंगले होते. ठोकळा साफ केला की त्याचं वजन सूक्ष्म का होईना बदलायचं, हे त्यांनी सांगितलं तेव्हा मागून एका काकांनी विचारलं, "सर, म्हणजे इतकी वर्षं आमचं मटण कमी येत होतं?"

"तुमचं मटण कमी येत नव्हतं, तुम्ही जास्त खात होता."

हॉल हसला. मग सर दयेवर आले. पाणी गोठलं की पसरतं, हलकं होतं, म्हणून बर्फ तळ्यावर तरंगतं आणि खाली मासे हिवाळाभर जगतात. त्या आकड्यांत एवढी दया भरलेली आहे, ते म्हणाले. ज्याने ते निवडले त्याने आपला विचार आधीच केला होता.

टाळ्या झाल्या. मी माइक घेतला.

"सर, सगळ्यांना नीट समजावं म्हणून अगदी सुरुवातीपासून विचारते. स्थिरांक कशाला म्हणायचं?"

"कुठेही, कधीही मोजला तरी तोच येतो, त्याला."

"प्रकाशाचा वेग किलोमीटरमध्ये एक येतो, मैलात दुसरा."

"छान मुद्दा. किलोमीटर आणि मैल माणसाने ठरवलेत. म्हणून अस्सल आकडे ते, ज्यांना मापच लागत नाही. एक आहे, साधारण एकशे सदतिसावा हिस्सा. तो टोरांटोत तेवढाच, मंगळावर तेवढाच."

"रबर आणि बर्फ यांच्यातलं घर्षण?"

"छे. तो स्थिरांक नव्हे. रबर कसलं, थंडी किती, बर्फ ओलं की कोरडं, त्यावर बदलतं."

"म्हणजे ते विश्वाच्या आरंभी ठरलेलं नाही."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मग तिसऱ्या रांगेकडे पाहिलं. त्यांना आठवलं, हे मला दिसलं.

"तसं अगदी मुळाशी गेलं तर," ते सावकाश म्हणाले, "रबरातले रेणू, बर्फातले रेणू, त्यांच्यातली ओढ विद्युतचुंबकीय असते. तिच्या मुळाशी स्थिरांकच आहेत."

हे उत्तर मला अपेक्षित होतं. पुस्तकं मी त्यासाठीच वाचली होती.

"तेही मान्य. मग सांगा, साधा टायर त्या स्थिरांकांना धरूनच चालतो?"

"हो."

"विंटर टायर?"

"तोही."

"म्हणजे स्थिरांकांना एका गाडीला दोन्हींतले कोणतेही टायर चालत होते."

"चालत होते."

"मग त्या रविवारी गाडीला कोणते होते, ते कुणी ठरवलं?"

"माणसाने. देवाने माणसाला स्वातंत्र्य दिलंय."

"कोणत्या माणसाने?"

मटणवाले काका मागून ओरडले, "गाडीवाल्याने! दुसरा कोण ठरवणार?" दोघेतिघे हसले.

"गाडीवाल्याने शनिवारी सकाळी नऊची वेळ घेतलेली होती," मी म्हटलं. "त्याला फोन आला. टायर सोमवारी, पाणी शनिवारी. हे वाक्य स्पीकरवर होतं. मी तिथे होते. सर, मी बरोबर सांगतेय का?"

त्या शनिवारी हॉलमधली निम्मी माणसं त्या मिरवणुकीत होती. नवरी झालेली नात चहाच्या टेबलापाशी कप मांडत होती. तिने कप मांडायचं थांबवलं.

"बरोबर आहे," सर म्हणाले.

"महिन्याच्या मिस्साला याच खोलीत तुम्ही म्हणालात, घर्षण हा स्थिरांक आहे आणि आपल्या हातात एकच गोष्ट होती, टायर वेळेवर बदलणं, ते राहिलं. हे वाक्य बरोबर आहे?"

"बरोबर आहे."

"ते पाणी दहाला का ठेवलं होतं?"

"लोकांना सोयीचं म्हणून."

"बाराला ठेवलं असतं तर?"

पाद्री उठून उभे राहिले. सरांनी हाताने त्यांना बसायला सांगितलं. सरांच्या बाजूने हे लिहिलंच पाहिजे.

"बाराला चाललं असतं," सर म्हणाले.

मी आभार मानले आणि माइक बंद केला.

त्यानंतर दोन बायकांनी मला कोटांच्या रॅकपाशी गाठलं. "मिस्साच्या दिवशी हे शोभतं का गं तुला? म्हातारा माणूस तो. आणि तू त्यांच्या घरचा केक खाल्लास."

"केक चांगला होता," मी म्हटलं.

मला बरं वाटत होतं. इतक्या वर्षांनंतरही त्याबद्दल दुसरं काही लिहावंसं वाटत नाही. परतताना किचनर जवळ आल्यावर बहीण म्हणाली, "ते घर्षणाचं सर खरं बोलले ना? की तू त्यांना बोलायला लावलंस?"

"मी प्रश्न लावले. उत्तरं त्यांची."

त्या आठवड्यात तिने मला तीनचार वेळा फोन केला. बॉयलरबद्दल बोलली, ऑफिसमधल्या एका बाईबद्दल बोलली. टायरवाल्याला केलेल्या त्या फोनपाशी ती एकदाही आली नाही.

सरांनी व्याख्यानं बंद केली. मंडळाने तब्येतीचं कारण लिहायला सांगितलं. मी त्रैमासिकात "व्याख्यानं बंद झाली आहेत" एवढंच छापलं. मुलाखत छापली, एक शब्द न बदलता.

बर्फ वितळायला लागल्यावर एका रविवारी बहीण माझ्याकडे आलेली असताना सरांना त्यांच्या मुलाने माझ्या इमारतीपाशी सोडलं. मुलगा वर आला नाही. सरांनी कोट काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला. सर वाळले होते. बहिणीने चहा ठेवला.

"बाय," ते तिला म्हणाले, "मी रोज त्या दहाचा विचार करतो. बारा का म्हणालो नाही? कारण काहीच नव्हतं. दहा तोंडाला आलं, म्हटलं दहा." चहाला त्यांनी हात लावला नाही. "मग मला वाटतं, असं कसं असेल? पहिल्या पक्षाचं म्हणणं खरं असेल तर आकडे ठरलेले, नियम ठरलेले. मग माझ्या तोंडाला दहा येणं हेही ठरलेलंच. तुझं फोन करणंही. सगळंच. ते व्हायचंच होतं, असं नाही वाटत तुला?"

मी काही बोलणार होते. बहिणीने माझ्याकडे न बघता बोट वर केलं.

"सर, हे तुम्ही मला महिन्याच्या मिस्साला सांगितलं असतं तर मी ऐकलं असतं," ती म्हणाली. "हात जोडून ऐकलं असतं. तेव्हा तुम्ही फक्त माझ्या हातात काय होतं ते सांगितलंत."

"चुकलं ते."

"हो. आणि ते व्हायचंच नव्हतं. तुम्ही बारा म्हणू शकला असता. मी 'नाही' म्हणू शकले असते. तो जिवंत राहू शकला असता. माझा वाटा मी दोन वर्षं एकटीने वाहिला, तुमच्या वाट्यासकट. आता तुमचा तुम्ही न्या."

"क्षमा करशील?"

"नाही."

"देवासाठी तरी?"

"देवाला तुम्ही विचारा. तुमची ओळख आहे."

सर उठले. कोटात उजवा हात गेला, डावी बाही त्यांना मागे सापडेना. हात पाठीमागे चाचपडत राहिला, कोट खांद्यावरून घसरला, पुन्हा वर ओढला. आम्ही दोघी टेबलापाशी बसून होतो. बहिणीने आपला कप उचलला आणि चहा प्यायला सुरुवात केली.